पाठ ९ : गाडीची बॅटरी, वॉरंटीचे कार्ड आणि तुमचे पैसे

या पाठात आपण पाहू : बॅटरीच्या वॉरंटीचा नेमका अर्थ, क्लेम नाकारला गेला तर काय करावे, आणि या खर्चासाठी घरात तरतूद कशी ठेवावी.

भिलाईत मे महिन्यात पारा चाळिशीच्या बराच वर जातो. सेक्टरमध्ये कितीतरी गाड्या क्वार्टरसमोर उघड्यावरच उभ्या असतात. एखाद्या दिवशी सकाळच्या पाळीला निघताना चावी फिरवली की सेल्फ नुसता टक-टक करतो आणि गाडी जागची हलत नाही. शेजाऱ्याला बोलावून धक्का मारून गाडी सुरू होते, शोरूमला नेली जाते आणि तिथे काउंटरवर उत्तर मिळते, "ही वॉरंटीत बसत नाही. नवी टाकावी लागेल."

मोटारीची बॅटरी काही हजारांची असते. महिन्याला हजार-दोन हजार बाजूला टाकणाऱ्या घराची ही तीन-चार महिन्यांची बचत. तरीही बरेच खातेदार वाद न घालता पैसे भरतात, कारण हातात कागद नसतो आणि कोणाकडे दाद मागायची हे माहीत नसते. काही जण उलट मोठ्याने भांडतात आणि तसेच रिकाम्या हाताने परत येतात. वॉरंटीचा वाद आवाज चढवून जिंकता येत नाही, तो कागदावर जिंकला जातो. आणि त्या कागदाची तयारी बॅटरी बिघडल्यावर नाही, विकत घेतानाच करायची असते.

१. वॉरंटी नेमकी कोणाची?

नवी गाडी घेताना "तीन वर्षांची वॉरंटी" असे सांगितले जाते. ऐकणाऱ्याला वाटते, गाडीतल्या सगळ्या वस्तूंना तीन वर्षे. तसे नसते. टायर आणि बॅटरी यांना बहुतेक वेळा गाडीच्या वॉरंटीतून वगळलेले असते किंवा वेगळी, कमी मुदत दिलेली असते. त्यांची जबाबदारी ती वस्तू बनवणाऱ्या कंपनीवर असते. गाडीसोबत मिळालेल्या वॉरंटी पुस्तिकेतले "काय समाविष्ट नाही" हे पान आधी वाचा.

जादा पैसे भरून जी वाढीव वॉरंटी विकली जाते, तिच्यातही झिजणारे भाग सहसा नसतात. बॅटरी त्यात आहे का, हे पैसे भरण्यापूर्वी विचारा आणि उत्तर लेखी घ्या.

बाजारातून वेगळी बॅटरी घेतली असेल, तर वॉरंटी बॅटरी कंपनीची असते आणि दुकानदार तिचा विक्रेता असतो. अशा वेळी चार गोष्टी जपा :

• पक्के बिल. त्यावर बॅटरीचा मॉडेल आणि अनुक्रमांक हवा. यूपीआयने पैसे दिले तर पासबुकात नोंद दिसते, पण ती नोंद पैसे दिल्याचा पुरावा असते. कोणती बॅटरी घेतली हे त्यातून कळत नाही.
• वॉरंटी कार्ड. त्यावर विक्रीची तारीख, गाडीचा नंबर आणि दुकानाचा शिक्का हवा. मोबाईलवर नोंदणी करायची असेल तर ती दुकानातच करून घ्या.
• बॅटरीवरील अनुक्रमांकाचा फोटो. दोन वर्षांत स्टिकर पुसट होतो.
• जुन्या बॅटरीची किंमत. जुनी बॅटरी देऊन नवी घेतली तर बिलात ती वजावट वेगळी दाखवायला सांगा. जुन्या बॅटरीतील शिशाला भंगारातही चांगला भाव असतो.

दुकानदाराने बिल द्यायला नकार दिला तर तोच एक गुन्हा धरा. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार बिल न देणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. "बिलाशिवाय दोनशे रुपये कमी लावतो" या दोनशे रुपयांसाठी पूर्ण वॉरंटीवर पाणी सोडू नका.

२. मोफत काळ आणि सवलतीचा काळ

"४८ महिने वॉरंटी" असे मोठ्या अक्षरात लिहिलेले असते. खाली लहान अक्षरात त्याचे दोन भाग असतात. उदाहरणार्थ २४ महिने मोफत बदलून आणि पुढचे २४ महिने सवलतीत. हिशोब करून पाहू.

समजा, बॅटरीची छापील किंमत ६,००० रुपये आहे.

बॅटरी २० व्या महिन्यात सदोष ठरली तर बदलून मिळते, खर्च शून्य.

ती ३० व्या महिन्यात सदोष ठरली आणि कार्डावर त्या महिन्याला २५ टक्के सवलत लिहिलेली असेल, तर सवलत १,५०० रुपये आणि तुम्हाला भरायचे ४,५०० रुपये. शिवाय जुनी बॅटरी कंपनीकडे जमा होते.

आता बाजारात चौकशी करा. तीच बॅटरी, जुनी देऊन, ४,७०० रुपयांना मिळत असेल तर वॉरंटीचा खरा फायदा फक्त २०० रुपयांचा झाला. सवलत छापील किंमतीवर मोजली जाते आणि बाजारात छापील किंमतीला कोणी विकत नाही, म्हणून असे होते. त्यामुळे मोफत काळातला क्लेम सोडू नका, पण सवलतीच्या काळातला क्लेम बाजारभावाशी ताडून मगच त्यामागे दिवस घालवा.

आणखी एक प्रश्न नक्की विचारा : बदलून मिळालेल्या बॅटरीला नवी वॉरंटी की उरलेली? बहुतेक कार्डांवर मूळ मुदतीतली उरलेली वॉरंटीच चालू राहते, असे लिहिलेले असते.

३. दोष खरोखर बॅटरीचाच आहे का?

वॉरंटी बनावटीच्या दोषासाठी असते. नुसती उतरलेली बॅटरी सदोष धरली जात नाही. ती चार्ज करून "ठीक आहे" म्हणून परत दिली जाते. म्हणून आधी थोडे स्वतः समजून घ्या.

मोटारीच्या १२ व्होल्टच्या बॅटरीत सहा सेल असतात. पूर्ण चार्ज झालेली बॅटरी, गाडी काही तास बंद असताना, सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते. १२.४ च्या आसपास असेल तर चार्ज कमी झाला आहे. १२ किंवा त्याहून खाली असेल तर ती जवळपास उतरली आहे. इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.५ व्होल्ट दिसायला हवेत. तेवढे येत नसतील तर दोष अल्टरनेटरचा असू शकतो. मग नवी बॅटरी टाकली तरी तीही उतरेल आणि तुमचे पैसे दोनदा जातील. साधा मल्टीमीटर काही शे रुपयांत मिळतो. तो नसेल तर कोणताही ऑटो इलेक्ट्रिशियन हे दोन आकडे दोन मिनिटांत सांगतो.

उष्णता हा बॅटरीचा मोठा शत्रू आहे. उन्हाळ्यात आतल्या प्लेटा लवकर गंजतात आणि पाणी उडते. थंडीत इंजिन फिरवायला जास्त जोर लागतो, तेव्हा उन्हाळ्यात झालेले नुकसान उघडे पडते. म्हणून आपल्याकडे डिसेंबरात बंद पडलेल्या बॅटरीचे खरे दुखणे अनेकदा मे महिन्यातले असते. पाणी भरायची बॅटरी असेल तर उन्हाळ्यात पातळी पाहत राहा आणि फक्त डिस्टिल्ड वॉटर घाला. नळाचे पाणी घातले तर बॅटरी खराब होते आणि क्लेम नाकारायला कारणही मिळते. आत तेजाब असते, तेव्हा झाकण उघडताना डोळे आणि हात सांभाळा.

४. क्लेम करताना

गाडी किंवा बॅटरी अधिकृत सर्व्हिस सेंटरला देताना जॉब कार्ड घ्या. त्यावर तक्रार तुमच्या शब्दांत लिहून घ्या : "सकाळी गाडी सुरू होत नाही, महिन्यात तिसरी वेळ." तपासणीनंतर बॅटरी टेस्टरचा छापील कागद मागा. तो नसेल तर मोजलेले आकडे जॉब कार्डावर लिहून सही घ्या. तपासणीच्या काळात वापरायला बॅटरी देता का, तेही विचारा.

क्लेम नाकारला तर कारण लेखी मागा. तोंडी "नाही" ला काहीच किंमत नाही, आणि ते कुठे दाखवताही येत नाही. नेहमी दिली जाणारी कारणे आणि त्यावर विचारायचे प्रश्न असे :

"बाहेरून म्युझिक सिस्टीम बसवली, म्हणून वॉरंटी संपली." — त्या जोडणीमुळेच बॅटरी बिघडली हे कोणत्या तपासणीत दिसले? गाडी बंद असताना किती करंट जातो, ते मोजले का? भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ च्या आदेशात १४ मोटार कंपन्यांना सांगितले होते की, बाहेरच्या मेकॅनिककडे काम केले म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करण्याची अट घालू नये. बाहेरच्या चुकीच्या कामाने जेवढे नुकसान झाले तेवढ्यापुरतीच वॉरंटी नाकारता येईल. त्या आदेशाविरुद्ध कंपन्या पुढे अपिलात गेल्या, तरी तुमच्या पत्रात त्यातील तर्क मांडता येतो. मात्र तार कापून केलेली ओबडधोबड जोडणी असेल तर तुमची बाजू लंगडी पडते, हेही लक्षात घ्या.

"कार्डावर शिक्का नाही." — बिलावर अनुक्रमांक आणि तारीख आहे. शिक्का मारणे हे दुकानाचे काम होते.

"गाडी भाड्याने चालवता." — टॅक्सीसाठी वॉरंटीची मुदत वेगळी असू शकते. कार्ड पाहा. पण पोटापाण्यासाठी स्वतः टॅक्सी चालवणारा माणूस ग्राहक कायद्याखाली ग्राहकच असतो.

"डीलरकडे जा", "कंपनीकडे जा." — दोघांनाही एकच पत्र पाठवा.

पत्र साधे असावे. नमुना :

"माननीय व्यवस्थापक, मी दिनांक ___ रोजी तुमच्याकडून ___ मॉडेलची, ___ अनुक्रमांकाची बॅटरी घेतली. बिल क्रमांक ___. वॉरंटीचा मोफत काळ दिनांक ___ पर्यंत आहे. दिनांक ___ रोजी जॉब कार्ड क्रमांक ___ नुसार तपासणी झाली. क्लेम तोंडी नाकारण्यात आला. हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत बॅटरी बदलून द्यावी किंवा नाकारण्याचे कारण तपासणीच्या आकड्यांसह लेखी कळवावे. तसे न झाल्यास मी ग्राहक आयोगाकडे तक्रार करीन."

भिलाईत हे पत्र हिंदीत दिलेले सोयीचे. स्पीड पोस्टने पाठवा, ई-मेलही करा आणि पावती जपून ठेवा.

५. न्यायालयांनी काय सांगितले?

डीलर आणि कंपनी या दोन वेगळ्या संस्था आहेत. हे गोव्यातील एका खटल्यात ठळकपणे दिसले. एका ग्राहकाला २०११ चे मॉडेल हवे होते आणि डीलरने २००९ ची गाडी त्याच्या माथी मारली. जिल्हा मंचापासून राष्ट्रीय आयोगापर्यंत निकाल ग्राहकाच्या बाजूने लागला आणि डीलरबरोबर टाटा मोटर्सलाही जबाबदार धरले गेले. सर्वोच्च न्यायालयाने मात्र १८ फेब्रुवारी २०२१ रोजी कंपनीला त्या जबाबदारीतून मोकळे केले. कंपनी डीलरला गाडी विकते आणि डीलर ती आपल्या नावावर पुढे विकतो. डीलरच्या या फसवणुकीची कंपनीला माहिती होती असे तक्रारीत मांडलेलेही नव्हते आणि सिद्धही झाले नव्हते. डीलरची जबाबदारी कायम राहिली.

यातून धडा घ्या. तक्रारीत डीलर आणि कंपनी दोघांनाही सामील करा, पण दोघांनी काय चूक केली ते वेगवेगळे लिहा. वस्तू सदोष बनवली, हा मुद्दा बनवणाऱ्या कंपनीविरुद्ध. जुना माल नवा म्हणून दिला, बिल दिले नाही, तपासणी न करता क्लेम नाकारला, हे मुद्दे विक्रेत्याविरुद्ध.

दुसरा धडा मागणीच्या मापाचा. मारुतीच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये म्हटले की, वॉरंटीत सदोष भाग दुरुस्त करून किंवा बदलून देण्याची हमी असेल तर तेवढेच मागता येते, पूर्ण गाडी बदलून मागता येत नाही. बॅटरी खराब आहे म्हणून नवी गाडी मागू नका. बॅटरी, टोइंगचा खर्च, वाया गेलेले दिवस आणि मनस्तापाची वाजवी भरपाई, एवढे मागा. मागणी मापात असेल तर तिच्यावर विश्वास बसतो.

६. पुढची पायरी : ग्राहक हेल्पलाईन आणि दुर्गचा आयोग

पत्राला उत्तर आले नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनवर तक्रार नोंदवा. हे मोफत आहे. तक्रार क्रमांक मिळतो आणि तक्रार कंपनीकडे पाठवली जाते. लहान रकमेचे अनेक वाद या पायरीवर मिटू शकतात.

तरीही दाद मिळाली नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. भिलाई दुर्ग जिल्ह्यात येते, त्यामुळे आपला आयोग दुर्गला. कंपनीचे कार्यालय मुंबईत असो वा चेन्नईत, २०१९ च्या कायद्यानुसार तुम्ही जिथे राहता किंवा काम करता तिथे तक्रार करता येते. लक्षात ठेवायचे आकडे :

• मुदत : वादाचे कारण घडल्यापासून २ वर्षे.
• शुल्क : वस्तूसाठी दिलेली किंमत ५ लाख रुपयांपर्यंत असेल तर काहीच नाही. ५ ते १० लाखांपर्यंत २०० रुपये, १० ते २० लाखांपर्यंत ४०० रुपये.
• जिल्हा आयोगाची मर्यादा : दिलेली किंमत ५० लाख रुपयांपर्यंत.
• वकील : सक्ती नाही. तक्रार, प्रतिज्ञापत्र आणि कागदांच्या प्रती देऊन स्वतः बाजू मांडता येते. तक्रार ऑनलाईनही दाखल करता येते.
• तपासणी : दोष तपासल्याशिवाय कळत नसेल तर आयोग वस्तू प्रयोगशाळेत पाठवू शकतो. म्हणून वाद मिटेपर्यंत जुनी बॅटरी भंगारात देऊ नका. पुरावा म्हणून तीच तुमच्या हातात असते.
• निकाल : कायद्यात ३ महिन्यांचे, तपासणी लागली तर ५ महिन्यांचे उद्दिष्ट आहे. प्रत्यक्षात जास्त वेळ लागू शकतो, हे धरून चाला.
• अपील : ४५ दिवसांत रायपूरच्या राज्य आयोगाकडे. ज्याला रक्कम द्यायचा आदेश झाला आहे, त्याला अपिलापूर्वी निम्मी रक्कम भरावी लागते.

आयोगात जाण्यापूर्वी कागदावर दोन रकाने काढा. एकात मिळू शकणारी रक्कम, दुसऱ्यात खर्च : दुर्गच्या फेऱ्या, बुडालेली रोजी, प्रतिज्ञापत्र. दोनशे रुपयांच्या सवलतीसाठी हे करू नये. मोफत काळातल्या पूर्ण बॅटरीसाठी, किंवा नवी गाडी वारंवार बंद पडत असेल तर, जरूर करावे.

७. बँकेच्या बाजूने तीन सूचना

पहिली : डीलरशी वाद आहे म्हणून गाडीच्या कर्जाचा हप्ता थांबवू नका. कर्जाचा करार तुमच्यात आणि बँकेत आहे. हप्ता चुकला तर दंड लागतो आणि क्रेडिट अहवाल बिघडतो. डीलरचे त्यात काहीच जात नाही. पुढच्या घरकर्जाच्या वेळी तो चुकलेला हप्ता तुमच्याच आड येतो.

दुसरी : कस्टमर केअरचा नंबर इंटरनेटवर शोधू नका. तो वॉरंटी कार्डावरून किंवा पुस्तिकेतूनच घ्या. ठग खोटे नंबर टाकून ठेवतात. "क्लेमसाठी दहा रुपये भरा", "हे ॲप उतरवा", "ओटीपी सांगा" असे कोणी म्हटले की फोन ठेवा. पैसे गेलेच तर ताबडतोब १९३० वर कळवा आणि आपल्या शाखेलाही सांगा.

तिसरी : बॅटरी कधीतरी जाणारच. ६,००० रुपयांची बॅटरी चार वर्षे टिकेल असे धरले तर महिन्याला १२५ रुपये. टायर, वार्षिक विमा आणि सर्व्हिसिंग हेही असेच ठरलेले खर्च. या सगळ्यांचा महिन्याचा आकडा काढा आणि तेवढ्याचे आवर्ती ठेव खाते उघडा. मग सकाळी गाडी बंद पडली तरी मुदत ठेव मोडावी लागणार नाही, उसने घ्यावे लागणार नाहीत. शिवाय हातात पैसे असले की काउंटरवर घाईने होकार द्यावा लागत नाही. "लेखी द्या, मग बघू" असे शांतपणे म्हणता येते.

थोडक्यात

• बॅटरीची वॉरंटी गाडीपेक्षा वेगळी असते. कार्ड वाचा.
• पक्के बिल, शिक्का असलेले कार्ड, अनुक्रमांकाचा फोटो एका पाकिटात ठेवा.
• नकार लेखी घ्या, आकड्यांसह.
• डीलर आणि कंपनी दोघांनाही कळवा, दोघांची चूक वेगळी लिहा.
• १९१५, मग दुर्गचा आयोग. मुदत २ वर्षे.
• हप्ता चालू ठेवा.

स्वतः करून पाहा

१. आज घरी गेल्यावर बॅटरीचे बिल शोधा. त्यावर अनुक्रमांक आहे का?
२. तुमच्या बॅटरीचा मोफत काळ कोणत्या तारखेला संपतो? ती तारीख कॅलेंडरवर लिहा आणि त्याच्या एक महिना आधी बॅटरी तपासून घ्या.
३. बॅटरी, टायर, विमा आणि सर्व्हिसिंग यांचा महिन्याचा खर्च काढा. आवर्ती ठेवीचा हप्ता किती हवा?